मद्रास बंदरातला बुधवार

जयवंता उदगीरकर आमच्या नाटकमंडळीची प्रॉम्प्टर. मी उजेडात उभी राहायची, ती विंगेतल्या स्टुलावर. हैदराबादच्या मराठी प्रेक्षकांनी मला टाळ्या दिल्या, शाली दिल्या, एकदा तर एका वकीलसाहेबांनी आंब्यांची पेटी घरी पाठवली. जयवंताला कुणी चेहऱ्यानेही ओळखत नव्हतं. पण माझी जीभ अडखळली की पुढचं वाक्य विंगेतून असं यायचं, की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये आणि मला मात्र ते माझंच वाटावं. आता माझे दात गेले आणि टाळ्याही गेल्या. तरी कुणी जुन्या भूमिकांचं कौतुक काढलं की मी आधी तिचं नाव घेते.

दिवसा ती गौलीगुड्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवायची. नवरा लवकर गेला. मुलगा तेजस तेव्हा पाचवीत होता. तालमी चालू असताना तो कोपऱ्यात सतरंजीवर पुस्तक घेऊन बसायचा, आणि आम्ही शत्रूवर तलवारी उपसत असताना खुशाल पाढे पाठ करायचा.

तो मोठा झाला त्या काळात देशाचे दरवाजे धडाधड उघडत होते. बँकेच्या परीक्षांना बसणारी मुलं एकाएकी कॉम्प्युटर शिकायला दिलसुखनगरला धावू लागली. विद्यानगरात, जयवंताच्या घराजवळच, हॉटेलचा धंदा शिकवणारं कॉलेज होतं. तेजस तिथे शिकला. एका परदेशी कंपनीची माणसं शहरात आली, एका मोठ्या हॉटेलात मुलाखती झाल्या, आणि हा पोरगा प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात रुजू झाला. जहाजाचा रंगीत फोटो त्याने आईला पाठवला. पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले. जयवंताने तो कपाटाच्या आत लावला, बाहेर नाही.

"बाहेर लाव की," मी म्हटलं.

"रोज दिसेल मग," ती म्हणाली.

ते पंच्याण्णव साल असावं. जानेवारीत तेजसचा सिंगापूरहून फोन आला. जहाज मद्रासला एक दिवस थांबणार होतं. प्रवासी महाबलिपुरम् बघायला जाणार, आणि कामगारांना पाळीपाळीने काही तास जमिनीवर उतरायची परवानगी. तेजसची पाळी होती बुधवारी, अकराला उतरायचं आणि चारच्या आत परत.

जयवंता त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"मार्चमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. कंपनी पुढच्यासाठी विचारणार. एकदा दुसरी सही केली की पोरगा गेला म्हणून समज. मला त्याच्या आत त्याचा 'हो' हवाय."

"कशाला हो?"

"नेहाला."

नेहा म्हणजे प्रतापराव नळदुर्गकरांची नात. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची, चटपटीत, हसरी मुलगी. फोटो इकडून तिकडे गेले होते. फोनवर तेजस एवढंच म्हणाला होता, "बघू."

"मग फोनवरच नीट विचार ना त्याला," मी म्हटलं.

"फोनवर माणूस 'बघू' म्हणतो. मुलगी समोर बसली की त्याला हो म्हणावं लागतं, नाहीतर नाही. लग्न ठरलं तर तो परत येईल. इथे हॉटेलं काय कमी निघताहेत? मला एवढा एकच दिवस मिळतोय."

तर असा हा डाव होता. मुलगी बघायचा कार्यक्रम, तोही परमुलखातल्या बंदरात, जहाज सुटायच्या आत.

आणि त्यात एक गाठ होती. बुधवारी राहुकाळ असतो बारा ते दीड. पुण्याहून इकडे नोकरीला आलेली माझी भाची यावर पोट धरून हसते. "मावशी, आमच्याकडे कुणी राहुकाळ बघत नाही गं!" बरोबर आहे. पण आमच्या चार पिढ्या तेलुगू शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या. त्यांचं डाळीचं पप्पूचारू आमच्या स्वयंपाकघरात आलं आणि त्यांचा राहुकाळ आमच्या कॅलेंडरात. त्या दीड तासात आम्ही जेवू, गप्पा मारू, पण शुभ गोष्टीचा शब्द काढणार नाही. आणि प्रतापराव तर इतके कडक, की जन्मभर कोर्टात नोकरी करून राहुकाळात त्यांनी कधी स्वतःच्या अर्जावर सही केली नाही.

जयवंताने सगळं बसवलं. अकराला तेजस फाटकाबाहेर. तिथून रिक्षाने स्टेशनजवळच्या लॉजवर. बाराच्या आत पाहणं, बोलणं, होकार आणि हातावर साखर. राहुकाळात जेवण. मग थोडा वेळ मायलेकरांचा, आणि परत बंदर.

एवढ्यावर ती थांबली नाही. आदल्या रविवारी तिने विद्यानगरच्या घरी चक्क रंगीत तालीम घेतली! शेजारचा सुधीर रिक्षावाला झाला. गौलीगुड्याचं बसस्टँड म्हणजे मद्रासचं बंदर, तिथून घरापर्यंतचा रस्ता त्याने घड्याळ लावून मोजला. मी प्रतापराव. खुर्चीत एक लोड उभा केला, तो तेजस.

मी टोपी सावरल्याचा अभिनय करून बसले आणि लोडाला दरडावलं, "क्यों मियां, समुद्रावर मासे खाता का वरणभात?"

"हसू नकोस," जयवंता म्हणाली. "प्रतापरावांची वाक्यं कमी कर. लांबताहेत."

"अगं, पण तेजसची वाक्यं काय?"

"त्याला एकच वाक्य आहे."

तीन वेळा तालीम केली. तिसऱ्या वेळी सगळं बाराच्या आत बसलं. जयवंता पाणी प्यायली आणि पहिल्यांदा खाली बसली. इतक्या वर्षांत मी तिला घामेजलेली कधी पाहिली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही नामपल्लीहून चारमिनार एक्सप्रेसने निघालो. मी आणि जयवंता, आणि समोरच्या बाकावर प्रतापराव, नेहा आणि नेहाची आई अलका. जाण्यायेण्याची सगळ्यांची तिकिटं जयवंतानेच एकत्र काढली होती. "प्रवासात माणसं खुलतात," असं तिचं म्हणणं. प्रतापराव खुलले ते असे, की निजामाच्या काळातल्या कोर्टाच्या गोष्टी गाडी काझीपेठ सोडून कुठल्या कुठे गेली तरी संपेनात. नेहा मधूनमधून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती.

मद्रासला उतरलो तर जानेवारीतही अंग चिकट झालं. नळदुर्गकरांना लॉजवर बसवून आम्ही दोघी बंदराच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिलो. गोदामांच्या पत्र्यांवरून जहाजाचा वरचा भाग दिसत होता. फोटोत होतं तसंच पांढरं. जयवंताने एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

गोऱ्या प्रवाशांच्या बसगाड्या एकामागून एक बाहेर पडल्या. काचेमागून टोप्या, गॉगल, हलणारे हात. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. पहारेकऱ्याला मोडक्या हिंदीत विचारलं, तर तो तमिळमध्ये उत्तर देऊन मोकळा झाला. पावणेबारा. जयवंताचे ओठ हलत होते. मला वाटलं ती स्तोत्र म्हणतेय. जवळ जाऊन ऐकलं, तर ती तालमीतली वाक्यं म्हणत होती, एकेक वाक्य गाळत. आधी प्रवासाची चौकशी गेली, मग प्रतापरावांची वंशावळ गेली, शेवटी फक्त 'मुलगी पसंत आहे का' एवढंच उरलं.

मग बाराचा भोंगा झाला, आणि तेही उरलं नाही.

तेजस आला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने. आधी मी ओळखलंच नाही. गाल बसलेले, आणि रंग उजळलेला, पण तो उन्हात न गेलेल्या माणसाचा उजळपणा. वाकून नमस्कार केला तेव्हा त्याचा तोल गेला आणि त्याने माझा खांदा धरला.

"तपासणी लांबली, आई. कागदांवर शिक्केच मारत नव्हते. साडेतीनला मला इथे सोड. उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि पासपोर्ट त्यांच्याकडे आहे."

"सोडते. आधी चल."

लॉजच्या खोलीत प्रतापराव काळी टोपी घालून ताठ बसले होते. तेजसने नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"बसा, बेटा. पण आता मुद्द्याची बात नको. दीड वाजेपर्यंत हवापाण्याचं बोलू."

मग आम्ही हवापाण्याचं बोललो. मद्रासची हवा, हैदराबादची हवा, समुद्रावरची हवा. एवढी हवा मी आयुष्यात कधी ऐकली नाही. नेहा समोर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तेजस तिच्याकडे बघत होता खरा, पण त्याच्या पापण्या खाली येत आणि तो त्या दचकून उघडत होता. जेवणाच्या थाळ्या आल्या. दोन घास खाऊन त्याचा हात ताटातच थांबला.

"काल रात्री जहाजावर मोठी पार्टी होती," तो म्हणाला. "कालपासून उभाच आहे. सॉरी हं."

अलकाबाईंना दया आली. "मग शेजारच्या खोलीत जरा पाठ टेका. तसंही दीडपर्यंत काही बोलायचं नाहीच."

तेजसने आईकडे पाहिलं. जयवंता म्हणाली, "जा. दहा मिनिटं."

एवढं एक वाक्य तालमीत नव्हतं.

दीड वाजला. प्रतापरावांनी टोपी सारखी केली, अलकाबाईंनी नेहाचे केस सारखे केले. "चला," प्रतापराव म्हणाले, "वक्त आला. बोलवा मुलाला."

जयवंता शेजारच्या खोलीत गेली. तिच्या मागे मी. तेजस बूट घालूनच आडवा झाला होता. एक हात पलंगाबाहेर लोंबत होता, बाही वर सरकलेली. मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या कडांनी भाजल्याचे डाग होते, काही काळपट जुने, काही अजून लाल. जयवंता त्याच्या कानाशी वाकली. विंगेत वाकायची तशीच. मला वाटलं, आता येईल शब्द.

तिचे ओठ उघडले. आवाज आला नाही. ती तशीच वाकून राहिली आणि मग सरळ झाली.

"जयवंता," मी कुजबुजले, "उठव ना."

"नको."

"अगं, वेडी झालीस का? एवढ्यासाठी रात्रभर गाडीत बसून आलीस! बाहेर माणसं बसलीत!"

"त्यांना बसू दे."

"मग मी उठवते." मी पुढे झाले, तर तिने माझं मनगट धरलं. बारीक चणीची बाई, पण पकड अशी की माझ्या बांगड्या रुतल्या.

"हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली. "तालमीत आपण सगळ्यांचं बघितलं. प्रतापरावांचं बघितलं, राहुकाळाचं बघितलं. हा कुठून कसा येणार, हे नाही बघितलं. हा हो म्हणेल गं आत्ता. मी उठवून विचारलं तर हो म्हणेल, झोपायला मिळावं म्हणून. तसला हो मला नकोय."

ती बाहेर आली आणि दार लोटून त्याला पाठ लावून उभी राहिली. "तो झोपलाय. मी त्याला उठवणार नाही. माफ करा."

तशी प्रतापरावांची काठी जमिनीवर आपटली.

"उठवणार नाही? जयवंताबाई, ही काय तऱ्हा? आम्ही मुलगी घेऊन आलो, की दर्ग्यावर चादर चढवायला आलो?"

"आजोबा, झोपू द्या ना," नेहा म्हणाली. "मीसुद्धा गाडीत रात्रभर जागीच होते. तुमच्या कोर्टाच्या गोष्टींनी."

"तू खामोश बस!" ते उठले. "अलका, सामान घे. स्टेशनवर बसू. मुलाचं घोरणं ऐकायला इतक्या लांब येण्याची गरज नव्हती. घोरणारे घरी पुष्कळ आहेत."

ते निघाले. नेहा सगळ्यांत मागे होती. जाताना तिने लोटलेल्या दाराच्या फटीतून क्षणभर आत पाहिलं.

मी नाटकवाली बाई. मला वाटलं, आता जयवंता रडेल. ती आत गेली आणि खुर्ची ओढून तेजसच्या उशाशी बसली. पंखा किरकिरत होता. माझी नजर सारखी घड्याळाकडे. आता तरी उठव, अजून वेळ आहे, मी धावत जाऊन प्रतापरावांना परत आणते, असं मी दोनदा म्हटलं.

निघायची वेळ टळायला लागली तेव्हाच तिने त्याला हाक मारली. तेजस ताडकन उठला, घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई! ते लोक?"

"गेले. बूट घातलेच आहेत, चल."

रिक्षा बंदराच्या रस्त्याला लागली आणि अडकली. पुढे लॉऱ्यांची रांग, जहाजाच्या पेट्या लादलेल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, पुढचा ड्रायव्हर बिडी ओढतोय. तेजस बाहेर डोकं काढून बघतोय, आत घेतोय, परत काढतोय. मला राहवेना.

"अरे तेजस, निदान एवढं सांग, हो का नाही! तुझ्या आईने जिवाचं रान केलंय यासाठी!"

तेजसने आईकडे पाहिलं. "आई, मी सही केलीय."

"कशावर?" मी विचारलं. जयवंताने विचारलं नाही.

"पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर. सिंगापूरलाच. मार्चमध्ये पंधरा दिवस येईन, मग परत नऊ महिने. फोनवर सांगवलं नाही गं. आज सांगणार होतो, तर झोप लागली."

लॉऱ्या हलत नव्हत्या. जयवंता समोर बघत होती. तिच्या मांडीवरचा हात मी पाहिला, मूठ वळलेली.

"इथून फाटक किती लांब?" तिने रिक्षावाल्याला विचारलं. त्याने बोट दाखवलं. लॉऱ्यांच्या पलीकडे फाटक दिसत होतं.

"पळ," ती तेजसला म्हणाली.

"आई, रागावलीस?"

"पळ आधी!"

तो पळाला. लॉऱ्यांच्या मधून त्याचा पांढरा शर्ट एकदा दिसला, दिसेनासा झाला, परत दिसला. फाटकाशी पहारेकऱ्याने अडवलं. कागद दाखवणं चाललं. मग तो आत गेला. वळून हात केला की नाही, ते मध्ये आलेल्या लॉरीमुळे आम्हा दोघींना दिसलं नाही.

संध्याकाळी परतीच्या चारमिनारमध्ये चढलो, तर समोरच्या बाकावर काळी टोपी! तिकिटं एकत्र काढलेली. प्रवासात माणसं खुलतात ना! प्रतापराव खिडकीकडे तोंड करून बसले. अलकाबाईंनी उगाचच पिशवीतलं सामान काढलं आणि परत भरलं. नेहाने मासिक उघडलं, ते उलटं धरलेलं मला दिसत होतं. गाडी सुटली. बाहेर दिवस मावळत होता.

मग प्रतापरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जयवंताबाई," ते म्हणाले, "स्टेशनवर बसून मी विचार केला. मुलगा नशेत नव्हता, थकलेला होता. थकतो तो कष्ट करतो. मला राग आला तो तुमचा आला, त्याचा नाही. तुम्ही मुलाच्या झोपेची इज्जत केलीत. आमच्या पोरीलाही असं घर मिळालं तर बरंच." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आता वेळ साफ आहे. मुलाच्या वतीने तुम्ही जबान द्या. मार्चमध्ये तो आला की साखरपुडा करू."

मी जयवंताच्या पायावर पाय दाबला. जे मागायला आलो होतो ते समोरचा माणूस आपणहून हातात ठेवत होता. एक 'हो' म्हणायचा. साखरपुडा झाला की पोरगा कॉन्ट्रॅक्ट मोडेलसुद्धा, कुणी सांगावं! सहीबद्दल आम्हा दोघींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मी आणखी जोराने पाय दाबला.

जयवंताने पाय काढून घेतला.

"जबान मला देता येणार नाही," ती म्हणाली. आवाज एवढा लहान की अलकाबाई पुढे वाकल्या. "त्याने पुढची सही केलीय. मला आजच दुपारी कळलं. मार्चमध्ये येईल तो पंधरा दिवस, मग पुन्हा नऊ महिने समुद्रावर. त्यानंतरचं त्यालाही माहीत नाही. नेहाला तुम्ही अडकवून ठेवू नका."

प्रतापरावांनी तिच्याकडे पाहिलं. कोर्टात उभं आयुष्य काढलेला माणूस, खरं बोलणाऱ्याला ओळखत असणार. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"शुक्रिया," ते म्हणाले. "मग आमची इथेच रजा."

विषय तिथे मिटला. अलकाबाईंनी डबा उघडला आणि आधी जयवंतापुढे धरला. कुणी नको म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर आम्ही हात धुवायला दाराशी गेलो. नेहा मागून आली. गाडीच्या धक्क्याने तिने जयवंताच्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूच विचारलं,

"काकू, एक विचारू? जागेपणी कसे दिसतात हो ते?"

जयवंता त्या दिवसात पहिल्यांदा हसली. नळ बंद करून तिने ओले हात पदराला पुसले.

"मलाही नीट बघायला मिळालं नाही गं," ती म्हणाली.